बाविसावं माणूस

माझी बायको वारल्याला चौदा महिने झाले होते, तेव्हा मी तिला अजिंठ्याच्या डोंगरात हरवलं.

यात माझा फारसा दोष नाही. (थोडा आहे. बरं, सगळाच आहे!) भोकरदनच्या घरात मी, रिटायर्ड मास्तर, एकटाच असतो आणि दिवसभर टीव्हीतल्या बातमीदाराशी वाद घालतो. शेवटी पुण्याची लेक फोनवर रडकुंडीला आली. "अप्पा, चार माणसांत मिसळा. न्हाई तर मी येऊन तुम्हाला इकडं घेऊन जाते!" धमकी भारी होती. मी लगेच अभयारण्याच्या एका दिवसाच्या सहलीला फोन लावला.

"किती सीट, काका?"

"दोन," मी म्हणालो आणि बायकोचं, कमलचं, नावही सांगून टाकलं.

छत्तीस वर्षांची सवय! फोन ठेवल्यावर चूक ध्यानात आली. दुरुस्त करायला दोनदा फोन हातात घेतला, पण 'एक' म्हणायला जीभ वळेना.

सहलीच्या सकाळी गाइड सुधाकर यादी घेऊन गाडीत चढला.

"साळवे, दोन?"

सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. "हो," मी म्हणालो.

"काकू बायकांत बसल्या का?"

आपल्याकडं गाडीत शिरल्याबरोबर बायका मागं जमतात आणि पुरुष पुढं पेंगतात, त्यामुळं प्रश्न रास्तच होता. मी मान अशी हलवली की तिचा कुठलाही अर्थ निघावा. सुधाकरनं डोकी न मोजता कमलच्या नावापुढं खूण केली आणि गाडी सुटली.

डोंगरात सुधाकर साग दाखवत होता, धावडा दाखवत होता, अस्वलानं उकरलेली वारुळं दाखवत होता. सगळे जोडीजोडीनं फोटो काढत होते. मोर दिसला तेव्हा "अगं, बघ!" म्हणत मी शेजारी कोपर मारलं. ते धावड्याच्या खोडाला लागलं. दिवसभर दुखत होतं.

जेवायला बसल्यावर सुधाकरनं पुन्हा विचारलं, "काकू न्हाई आल्या जेवायला?"

"तिचा उपास आहे." (तसं पाहिलं तर हे खोटं नव्हतं.)

चार वाजता परत निघताना मात्र त्यानं डोकी मोजली. एकवीस! पुन्हा मोजली. एकवीसच!

"बावीस पायजेत! साळवेकाकू कुठंयत?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक जाडजूड ताई ओरडल्या, "मी धबधब्यापाशी पाह्यलं ना त्यांना! एकट्याच बसेल व्हत्या."

"हिरव्या पातळातल्या का?" दुसरीनं विचारलं.

"हिरव्याच! बराबर!"

"चष्मा बी होता," तिसरी म्हणाली. कमलला चष्मा नव्हता, पण साक्षी-पुरावे आता इतके भक्कम झाले होते की माझीच हिंमत होईना!

सगळी गाडी खाली उतरली. "कमलकाकू!" "ओ कमलताई!" दरी दणाणून गेली. चौदा महिन्यांत हे नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. लेकही 'आई' म्हणते, तेही हळू आवाजात. मग मीही ओरडायला लागलो. "कमल! ए कमल!" खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. चांगली दहा मिनिटं मी मनापासून शोधलं. एकदोनदा तर वळणापलीकडं डोकावूनही आलो.

परतलो तेव्हा सुधाकर डोक्याला हात लावून दगडावर बसला होता.

"काका, गेली माझी नोकरी. फॉरेस्टवाल्यांना फोन करून राह्यलो आता."

"नका करू. ती सापडणार नाही."

"असं काय बोलून राह्यले?"

"ती वारली."

तो ताडकन उठला. "अरे देवा! कुठून पडल्या?"

"पडली नाही. घरीच गेली. गेल्या वर्षी."



"मंग आमी कोणाला हुडकून राह्यलो?" सुधाकरनं विचारलं. "अन् ते दोन सीट?"

"एक म्हणता येईना, बाबा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता माझा हात धरला आणि मला गाडीत चढवलं. मी आपल्या पुढच्या जागेकडं वळलो, तर मागून हाक आली, "गुरुजी, तिकडं एकटे काय बसता? आमच्यात या!" छत्तीस वर्षांच्या संसारात गाडीच्या मागच्या भागात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. एकीनं गूळ-शेंगदाणे दिले. दुसरीनं कमलचं माहेर विचारलं. राजूर म्हणताच तिसरीला तिथली मावशी आठवली. मी बोलत सुटलो. इतकं तर मी बातमीदारालाही कधी सुनावलं नव्हतं.

घाट उतरल्यावर त्या जाडजूड ताईंना मी हळूच विचारलं, "ताई, धबधब्यापाशी पाहिली म्हणालात... कशी दिसत होती?"

ताईंनी जरा विचार केला. शब्द मागं घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

"लई मजेत, गुरुजी. बिलकुल फिकीर न्हाई."

मला लगेच पटलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मला सोडून सहलीला निघालेली बाई, मजेत दिसणार नाही तर काय!