जिना चढणारी आई

तार दुपारी आली. मी नववीच्या मुलींचे गणिताचे पेपर तपासत बसले होते, हे अजून बँकेतून यायचे होते. मुंबईत दिनू ज्या स्टुडिओत कामाला होता तिथल्या मॅनेजरने ती पाठवली होती. मजकूर इंग्रजीत आणि इतका थोडका, की मी तो दोनदा वाचला. कावीळ झाली होती आणि ती त्याने अंगावर काढली, हे आम्हाला नंतर कळलं. हावड्याहून गाडी पकडून आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. खोलीवरच्या सोबत्याने त्याची पत्र्याची ट्रंक आमच्या हवाली केली, आणि आम्ही परत बालीगंजला आलो. याला आता सात आठवडे झाले. दिनू माझा धाकटा दीर. तो तिशीचाही झाला नव्हता. गेल्या पंधरवड्यात त्याच्या जुन्या आर्ट कॉलेजने इथे त्याची शोकसभा घेतली, आणि तिथे त्याच्याविषयी जे गोड गोड बोललं गेलं ते ऐकून आल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दिनू नऊ वर्षांचा होता. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई, हे आणि हा. जन्म कलकत्त्यातला, शाळा बंगाली, त्यामुळे त्याचं मराठी घरापुरतंच आणि तेही त्याच्या सोयीचं. मी शाळेतून दमून आले की दारातच म्हणायचा, "वहिनी, आली तुमचा चहा." पुढे दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. मुलगा अकरा वर्षांचा, आणि आई गेली त्या दिवसापासून तो तिच्याविषयी एक शब्द बोलला नाही. फक्त चित्रं काढायला लागला. वह्यांच्या समासात, पंचांगावर, यांच्या बँकेतून आलेल्या पाकिटांवर...

शाळा संपल्यावर त्याने आर्ट कॉलेजचं नाव काढलं तेव्हा घरात व्हायचा तो वाद झाला. "चित्रं काढून पोट भरतं का?" हे म्हणाले. "नाही भरत," दिनू म्हणाला, "पण दादा, बँकेत बसून तुझं तरी कुठं भरतं? रात्री दोनदा भात घेतोस." हसणं आवरता आवरता यांचा राग गेला आणि दिनू कॉलेजात गेला. साठीचं दशक संपत आलं होतं. शहरात रोज कुठे ना कुठे मोर्चा, बंद, नाहीतर बॉम्ब. कॉलेज आठवडा आठवडा बंद असायचं. तिसऱ्या वर्षी त्याने हलत्या चित्रांच्या वर्गात नाव घातलं. तो विषय अभ्यासक्रमात नव्हताच. परदेशात शिकून आलेले एक सर होते, त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करून त्यावर एक जुना कॅमेरा खाली तोंड करून बसवला होता, आणि हौसेने आलेल्या चार मुलांना ते शिकवायचे. शिकवायचे उत्तम. हे मी नाकारत नाही.

"वहिनी, तुम्ही गणिताच्या बाई. सांगा, सेकंदाला चोवीस चौकटी, एक चित्र दोन चौकटींना चालवलं, तर दोन मिनिटांच्या फिल्मला चित्रं किती?" पोळ्या लाटता लाटता मी सांगितलं, चौदाशे चाळीस. तो खांबाला टेकून उभा होता. "तेवढी काढायची आहेत," म्हणाला. मी विचारलं, कशाची? तेव्हा इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द आला. "आईची."

आमच्याकडे सासूबाईंचे फोटो तीन. तिन्हींत त्या खुर्चीत बसलेल्या, कोणीतरी हलू नका म्हणून दम दिल्यासारख्या. त्या कशा चालायच्या ते कुठल्याच फोटोत नव्हतं, आणि दिनूला तेच हवं होतं. सकाळी वरच्या मजल्यावर पाणी चढत नसे, म्हणून त्या खालच्या नळावरून बादली भरून जिना चढायच्या, आणि तो हातात तांब्या घेऊन मागून यायचा. एवढंच दृश्य. आई बादली घेऊन जिना चढते. दोन मिनिटं. पण त्याला आठवत होती ती अकरा वर्षांच्या मुलाला खालून दिसलेली आई. बाकीची माझ्याकडून काढून घ्यायची होती. शाळेच्या खेळांच्या खोलीतून मी रीतसर सही करून स्टॉपवॉच आणलं आणि आमच्या तालमी सुरू झाल्या. मी बादली घेऊन जिना चढायची, तो खाली वेळ मोजायचा.

"असं नाही वहिनी. ह्या गणिताच्या बाई चालल्या आहेत. आई नाही."

"मग दाखव चालून."

"आई मध्येच थांबायची. बादली दुसऱ्या हातात घ्यायची. दमायची म्हणून."

"दमायच्या म्हणून नाही रे. लुगड्याच्या निऱ्या पायात यायच्या. उजव्या हाताने त्या उचलायच्या, म्हणून बादली डावीकडे."

तो घड्याळ बंद करायचं विसरला. "हे मला माहीतच नव्हतं," म्हणाला. "मला वाटायचं ती माझ्यासाठी थांबते."

मी बादली घेऊन पुन्हा खाली उतरले. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण मासीमा मला बंगालीत बौदी, म्हणजे वहिनी म्हणत; त्या दारात येऊन विचारायच्या, "बौदी, काही हरवलं का?" एकदा हे बँकेतून आले तेव्हा मी सहाव्यांदा जिना चढत होते. "आपल्याकडे नळ आला ना आता?" एवढं म्हणून ते बाजूने वर निघून गेले. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी आपण होऊन सांगितलं, की शेवटच्या पायरीवर आई नेहमी ओठ मुडपायची. दिनूने हात न धुता पेन्सिल घेतली.

पुढे जे झालं ते समजायला त्या वर्गाचे दोन रिवाज सांगायला हवेत. चित्र आधी कागदावर पेन्सिलीने काढायचं, मग ते सेल नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर शाईने गिरवायचं आणि मागून रंगवायचं. कागदाची टंचाई, तेव्हा गिरवून झालं की ते पाठकोरे कागद नव्या मुलांना सरावाला द्यायचे. सेल तर मुंबईहून मागवावे लागत, म्हणून चित्रण झालं की ते कोमट पाण्यात धुऊन पुढच्याला द्यायचे. काटकसर मला कळते. मी स्वतः पाठकोऱ्या कागदांवरच उदाहरणं सोडवते. पण दुसऱ्या रिवाजाला एक अट होती आणि ती सरांनीच पहिल्या दिवशी घातली होती. लॅबमधून फिल्म धुऊन येत नाही आणि ती पडद्यावर पाहून होत नाही, तोवर सेलला पाणी लावायचं नाही.

दिनूचं चित्रण संपलं, फिल्म टॉलीगंजच्या एका लॅबमध्ये गेली. त्याच सुमाराला सरांना लसीकरणावरची एक सरकारी फिल्म मिळाली. त्यांना सेल हवे होते, नवे यायला उशीर होता. कॉलेजात संप होता म्हणून दिनू सेलचे गठ्ठे घेऊन घरी आला आणि न्हाणीघरात बसला. मी विचारलं, "फिल्म आली का? तू पाहिलीस?"

"नाही, पण सर म्हणाले उत्तम आली आहे. लॅबशी त्यांचं बोलणं झालंय."

मग मी काय बोलणार? त्याच्या सरांचा शब्द होता तो. एकेक सेल तो बोटांनी चोळून धूत होता. त्यांवर सासूबाईंच्या जांभळ्या लुगड्याचा रंग होता. घंगाळातलं पाणी जांभळं होत गेलं. मला नीट आठवतं, दिनू शीळ घालत होता.

फिल्म काळी निघाली, आणि पेन्सिलीचे कागद तर केव्हाच नव्या मुलांकडे गेले होते. लॅबमध्ये औषधाच्या टाकीत असताना वीज गेली होती, आणि परत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळं संपलं होतं. या शहरात वीज जाणं ही काही अघटित गोष्ट नाही, लॅबला मी दोष देत नाही. पण सरांचं लॅबशी बोलणं झालंच नव्हतं. फोन लागत नव्हता. कधी काही बिघडलं नाही, तेव्हा आताही ठीकच असणार असं ते धरून चालले. हे त्यांनी दिनूला एकट्याला गाठून सांगितलं. मी मुलींना शिकवते, की गृहीत धरलेली गोष्ट सिद्ध झाली असं कधी लिहायचं नसतं. नववीच्या मुलींना हे समजतं.

परीक्षकांपुढे त्यांनी वेगळंच सांगितलं. विद्यार्थ्याने उतावीळपणे सेल धुऊन टाकले, म्हणाले. दिनू शेजारीच उभा होता. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मी पायांत चपला घातल्या. त्याने दार अडवलं.

"वहिनी, नका जाऊ. मुंबईचं काम त्यांच्याच ओळखीने मिळणार आहे."

"आणि तुझी आई?"

"ती पुन्हा काढीन. मला आता पाठ आहे ती."

सरांकडे त्याने नव्या सेलसाठी एकदा विचारून पाहिलं. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. लसीकरणाची फिल्म तेवढी वेळेवर पूर्ण झाली. त्यातलं बाळ लागोपाठ रडतं आणि हसतं, ते मी थिएटरात पाहिलं आहे. ज्या सेलवर ते बाळ रडत होतं त्यातले किती आमच्या न्हाणीघरातून गेले होते, याचा हिशेब मी मनातल्या मनात करत बसले. आजूबाजूचे लोक हसत होते. दिनूला खालच्या श्रेणीतला डिप्लोमा मिळाला, आणि तो मुंबईला गेला.

तिथे जाहिरातींच्या फिल्म बनायच्या. एका पूजेच्या सुट्टीत आला तेव्हा मी विचारलं, तू नक्की काय करतोस? त्याने समजावून सांगितलं. मोठे चित्रकार हालचालीची मुख्य चित्रं काढतात, सुरुवातीचं, वळणाचं, शेवटचं. त्यांच्या मधली जी असतात ती याच्यासारख्यांनी भरायची. "म्हणजे जास्त चित्रं तूच काढतोस की," मी म्हटलं. "चित्रं माझी, चाल त्यांची," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण ताटातला मासा त्याने तसाच ठेवला होता, आणि मासा टाकणारा मुलगा तो नव्हता. आईचं कुठवर आलं, ते विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यानेच सांगितलं. "सुरू केलंय. आधी मुख्य चित्रं पुरी करतो. मधल्यांचं काय, दिवसभर तेच करतो, हात बसलाय. सवड मिळाली की बसेन." ही आमची शेवटची भेट.

शोकसभेत सर बोलले. दिनकर हा माझा सर्वांत आवडता विद्यार्थी, म्हणाले. त्याची एक विलक्षण फिल्म विजेने गिळली, हे बंगालचं दुर्दैव. बोलताना त्यांना रडू आलं. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी उभी राहिले आणि बंगालीत विचारलं, "फिल्म विजेने नेली. सेल कोणी धुवायला लावले?" सर चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या ना बौदी, आज तो विषय कशाला?" यांनी माझं मनगट धरलं आणि मी बसले. मग सगळ्यांना चहा आणि संदेश ही बंगाली मिठाई देण्यात आली. आज नाही तर कधी, हे मला कोणीतरी सांगावं. तो होता तेव्हा त्याच्या नोकरीसाठी गप्प बसायचं, आणि गेल्यावर सभेची शोभा जाऊ नये म्हणून...

ट्रंक आम्ही परवाच्या रविवारी उघडली. दोन शर्ट, दाढीचं सामान, आणि तळाशी कागदांचा एक गठ्ठा, खालच्या कडेला स्टुडिओतली भोकं पाडलेला. सासूबाई होत्या. कॉलेजातल्यापेक्षा कितीतरी चांगल्या. निऱ्या उचलताना मान जराशी कशी वळायची, ते मीही विसरले होते, त्याने पकडलं होतं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आकडा होता. एक, नऊ, सतरा, पंचवीस... गठ्ठा संपेपर्यंत तसंच. मी बोटाने पानं सोडत गेले आणि हे खांद्यावरून बघत होते.

"पुन्हा कर," म्हणाले. "जरा सावकाश."

"सावकाश करूनही त्या चालणार नाहीत. मधली चित्रं नाहीत."

"ती कुठे आहेत?"

"काढलीच नाहीत. त्याची मधली चित्रं सगळी दुसऱ्यांना गेली."

यांनी गठ्ठा माझ्या हातून घेतला, कडा जुळवल्या आणि ट्रंकेत परत न टाकता जेवणाच्या टेबलाच्या टोकाला ठेवला. तो अजून तिथेच आहे. पानं वाढताना मी तो सरकवते, कधी हे सरकवतात, आणि सरकवताना दोघांपैकी कोणीतरी वरची दोन-तीन पानं उलटून पाहतंच. सासूबाई एका पायरीवर बादली घेऊन उभ्या असतात, आणि पुढच्या पानावर एकदम वरच्या.