कोपराच्या आतलं मलम

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, मानेवर आणि दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला जुनं इसब होतं, आणि त्यावरची ट्यूब मीच तलासरीहून आणायचे. मी तिथल्या शाळेत शिकवायचे. शाळा सुटली की हायवेवर बसची वाट बघता बघता दुकानातून ट्यूब घ्यायची. दुकानदार चिठ्ठी मागायचा नाही, मीही विचारायचे नाही. दोन दिवसांत बाबांची खाज थांबायची. नरपडला घरी पोचले की ते झोपाळ्यावरून म्हणायचे, "आली बघा आमची अर्धी डॉक्टरीण." आणि मी मूर्ख, खूश व्हायचे.

२०१६च्या पावसाळ्यात मला मुलगी झाली. घरातल्या सगळ्यांनी तिला घेतलं, फक्त बाबांनी नाही. दारात उभे राहून नुसते बघायचे, हात पाठीमागे बांधून. चिकूच्या वाडीत कुणी शहाण्याने त्यांना सांगितलं होतं की इसब लागतं. "माझ्या अंगचं लेकराला नको, बाय," एवढंच बोलायचे. बाळाचं डोकं जिथे टेकतं नेमकी तीच जागा त्यांची चिघळलेली. त्या ट्यूबने तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आणि ती लावायची थांबवली की खाज दुपटीने परत यायची. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी थंडीत मी हट्टाने त्यांना डहाणूला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ट्यूब उलटसुलट करून बघितली. "ही स्टेरॉइडची आहे. अशी वर्षानुवर्षं लावतात का? कोणी आणून दिली?" माझी मान खाली. बाबा शांतपणे म्हणाले, "मीच आणायचो."

बाईंनी सांगितलं की इसब कुणाला लागत नाही, नातीला खुशाल घ्या. मग स्टेरॉइड नसलेलं मलम लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ, कोरड्या कातडीवर, इसब असेल तिथेच आणि अगदी पातळ. लावल्यावर हात धुवायचे. पहिले काही दिवस झोंबेल, पण मग कमी होईल. उन्हात ती जागा उघडी ठेवायची नाही आणि जखम चिघळली तर लावायचं थांबवून यायचं.

आमच्याकडे थंडीत अंगाला तेल चोपडून, आंघोळीआधी ओट्यावर उन्हात बसायची पद्धत. बाबांचा जन्म त्यात गेलेला. त्यात मलम झोंबायला लागलं. झोंबतंय म्हणजे आत शिरतंय, असा त्यांनी हिशेब मांडला, तेलासारखं थापलं आणि शर्ट काढून तासभर उन्हात बसले. मी बाळाला पाजत होते, मला पत्ताच नाही. अति तिथे माती. तीन दिवसांत खाजवून खाजवून कोपरं लाल आणि ओली. मी तोंडाला येईल ते बोलले. सासऱ्यांशी असं बोलतात का कुणी? पण मी बोलले, आणि त्याच दिवशी त्यांना परत डहाणूला नेलं.

बाईंनी मलम थांबवलं, आधी जखम भरून काढली, मग पुन्हा सुरू केलं. या वेळी बाबा शाळेतल्या पोरासारखे वागले. हरभऱ्याच्या डाळीएवढं मलम बोटावर घेऊन आधी मला दाखवायचे. वाडीत जाताना लांब बाह्यांचा शर्ट. झोंबणं आठवड्याभरात गेलं, आणि चैत्रापर्यंत कोपरं साफ झाली. बाईंनी सांगूनही, तोपर्यंत बाळाला घ्यायला मात्र ते तयार नव्हते.

तोवर मुलगी आठ महिन्यांची झाली होती. त्यांनी पहिल्यांदा हात पुढे केले तर ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. माणूस ओळखीचा नाही, तर करेल काय ती? बाबा हसले, पण त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. "बरोबर आहे तिचं," म्हणाले, "मी तर दारातलाच माणूस."

मग रोज दुपारी ते तिच्याजवळ जमिनीवर बसायला लागले. चिकू गडगडत सोडायचे, ती परत ढकलायची. चांगले पंधरा दिवस गेले. एका दुपारी ती खेळता खेळता त्यांच्या अंगावर कलंडली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "सकाळचं मलम मुरलंय. बाहीपण खाली आहे. चालेल ना गं?"

मी मान डोलावली. ती त्यांच्या कोपरात डोकं टाकून झोपली. तासाभराने मी उचलायला गेले तर ते हलक्या आवाजात म्हणाले, "हात पार मेलाय, बाय. पण राहू दे तिला. आठ महिने फुकट घालवले मी."

आता बाबा नाहीत. ट्यूब कोण आणायचं, हा विषय त्यांनी शेवटपर्यंत घरात काढला नाही. मुलीला आजोबांचं सांगताना मी मात्र सांगते, की ट्यूब मी आणायचे आणि नाव त्यांनी स्वतःचं घेतलं.