त्यांच्या नावावरची बाकी

बेलीफने दारात उभं राहून यजमानांचं नाव घेतलं. ते जाऊन चार वर्षं झाली, असं मी सांगितलं. त्याने कागदावर तसं लिहून घेतलं आणि समन्स माझ्या हातात दिलं. यजमानांच्या स्कूटरच्या कर्जाला मी जामीन होते. ते कर्ज थकलंय, असं फायनान्स कंपनीचं म्हणणं होतं. कल्याणच्या कोर्टात हजर राहायचं होतं.

मला रडू आलं नाही, संताप आला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकलच्या वासात दिवस काढून या माणसाने एकेक हप्ता वेळेवर भरला होता. वाण्याकडे उधारी ठेवणंही त्यांना कमीपणाचं वाटायचं. मी कपाटातली त्यांची फाइल काढली. शेवटच्या हप्त्याची पावती आणि कंपनीनेच दिलेलं नो ड्यूज सर्टिफिकेट, दोन्ही जागेवर होतं. कंपनीला फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, सिस्टिममध्ये बाकी दिसतेय.

माझे धाकटे दीर ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात. वकील करायचा का, हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले. कागद चाळून ते म्हणाले, "वहिनी, कोर्टात खेपा घालण्यापेक्षा थोडेफार देऊन मिटवा."

"म्हणजे तुमचा भाऊ कर्जबुडवा होता, असं मी कबूल करू?"

त्यांनी मोबाइल हातात घेतला. मग ओळखीच्या एका वकीलबाईंचा नंबर त्यांनीच काढून दिला.

वकीलबाईंनी लेखी जबाब दिला, सोबत सर्टिफिकेट जोडलं. तारखेला कंपनीच्या वकिलाने मला व्हरांड्यात गाठलं आणि निम्म्यात सेटल करू म्हणाला. मी नाही म्हटलं. न्यायाधीशांनी त्याच्याकडे खात्याचा उतारा मागितला, त्याने पुढची तारीख मागितली. अशा तीन तारखा गेल्या. चौथ्या तारखेला तो म्हणाला, दावा मागे घेतो.

वकीलबाई मला चला म्हणाल्या. मी हललेच नाही.

"साहेब, नुसता दावा मागे घेतला असं नको. बाकी काही नव्हती, हे लिहा."

न्यायाधीशांनी त्या वकिलाकडे पाहिलं. त्याने निमूटपणे तसं लिहून दिलं आणि ते आदेशात आलं, यजमानांच्या नावासकट.

बाहेर तो फोनवर बोलत माझ्या जवळून निघून गेला. चूक झाली, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. आदेशाच्या नकलेसाठी मी अर्ज केला, त्याची फीसुद्धा माझ्याच पर्समधून गेली. तो दिवस आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.