कराचीहून आलेली मराठी

नागपूरच्या जरीपटक्यात मी सात वर्षं भाड्यानं राहिलो. घरमालक सिंधी, पंच्याऐंशी उलटलेले. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची, मीही म्हणू लागलो. मी वर्ध्याकडच्या खेड्यातला, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कारकून. खोली बघायला गेलो तेव्हा मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होतो. ते म्हणाले, "मराठीत बोल ना. मला येते."

त्यांची मराठी नागपूरची नव्हती. मी "मले" म्हणायचो, ते "मला". रागावले की कोकणातले शब्द यायचे.

"दादा, हे मराठी कुठं शिकले गा तुम्ही?"

"कराचीत."

त्यांची आई ते चार वर्षांचे असताना वारली. वडील बंदराच्या कचेरीत. शेजारच्या बिऱ्हाडातला कोकणी माणूस गोदीत मुकादम होता. त्याच्या बायकोनं ह्यांना आपल्या मुलीबरोबरच वाढवलं. मुलगी दोन वर्षांनी लहान. ती ह्यांच्याकडून सिंधी शिकली, हे तिच्याकडून मराठी.

"कराची कुणा एकाची नव्हती," ते सांगायचे. "आधी कोळ्यांची वस्ती. मग कच्छी आले गलबतं घेऊन, गुजराती आले, पारशी आले. गोदीत ओझी उचलायला कोकणी, शाळेत शिकवायला मराठी मास्तर. आम्ही सिंधीसुद्धा आतल्या गावांतून आलेले. बाहेरच्यांनी येऊन येऊन ते शहर वाढवलं. आणि मग एका वर्षात त्यातले किती उठून गेले."

ती दोन कुटुंबंही उठली. मुकादमाची आगबोट आधी सुटली. धक्क्यावर ती सात वर्षांची मुलगी रडली नाही. तिच्या आईसारखीच म्हणाली, "वेळेवर जेवत जा रे." नंतर हे छावण्यांतून फिरत नागपूरला आले. इथं तेव्हा झुडपं होती. दुकानं, शाळा, रस्ते, सगळं ह्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं, काही त्यांच्या हातांनी.

एकदा ते म्हणाले, "मला मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. तिच्या गावी एक पत्र लिहून दे." गुहागरजवळचं गाव आणि मुकादमाचं आडनाव, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"लिहितो ना दादा," मी म्हटलं.

लिहिलं नाही. बुटीबोरीची बस, जादा पाळ्या, त्यात मला मुलगी झाली. त्यांनी आणखी एकदा आठवण केली. पुढं विचारायचं सोडून दिलं. दीड वर्ष गेलं.

मग कारखान्यात चिपळूणचा एक माणूस बदलून आला. जेवणाच्या सुट्टीत मी सहज विषय काढला. त्यानं मामाला फोन लावला आणि चार दिवसांत तिच्या मुलाचा नंबर मिळाला. चार दिवसांत.

रविवारी सकाळी दादांसमोर बसून मी फोन लावला. आवाज त्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई मागच्या शिमग्याला गेली हो."

मी मनात महिने मोजले. दादांनी पहिल्यांदा पत्राचं काढलं तेव्हा ती होती. पुढंही सात-आठ महिने होती.

"शेवटी शेवटी ती काहीतरी वेगळंच बोलायची," मुलगा सांगत होता. "आम्हाला वाटायचं, बरळतेय."

दादा फोनजवळ वाकले. "काय बोलायची?"

"अदा, हलु. अदा, हलु. असं काहीतरी."

दादा सरळ होऊन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, चल. असं म्हणत होती."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "दादा, मी उशीर केला. तेव्हाच लिहिलं असतं तर..."

"तू नोकरीवाला माणूस," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

त्यानंतर ते माझ्याशी मराठी बोलले नाहीत. रागानं नाही. चहा पाठवायचे, मुलीला मांडीवर घ्यायचे, पण बोलायचे ते हिंदीत, गल्लीतल्या सगळ्यांशी बोलायचे तसं. मी मुद्दाम मराठीत काही विचारलं तरी उत्तर हिंदीतच यायचं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

घाटावरून परत आल्यावर मी गुहागरला फोन केला.  तिचा मुलगा म्हणाला, "म्हणजे मामाच गेले की आमचे." आणि बायकोला हाक मारून सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी ठेवायला सांगितलं.