वडिलांची पट्टी

घाटकोपरच्या त्या टेप दुरुस्तीवाल्याने मला चार शनिवार हेलपाटे घालायला लावले. वडील गेल्यावर माळ्यावर त्यांच्या पेटीवादनाची टेप सापडली होती. तिची बुरशी त्याने पहिल्याच आठवड्यात कापसाने पुसली, पण टेप काही हातात देईना. चष्मा कपाळावर सरकवून दर वेळी तेच विचारायचा, "वडील कुठल्या पट्टीत वाजवायचे? वेग चुकला तर सूर चढतो."

"मला काय माहीत? लावा कुठलाही."

"मग कुणीतरी वाजवेल. तुमचे वडील नाही."

तणतणत घरी आलो. आई तांदूळ निवडत होती. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "काळी एक. त्यांनी पेटी काढली की तू दार लावून घ्यायचास."