साडेतीनशे छर्रे, चारशे एकोणतीस भोकं

"काडतुसात छर्रे किती?" मार्थाने विचारलं.

"साडेतीनशे," मी म्हणाले.

"मग तुमचं अ‍ॅप चारशे एकोणतीस भोकं कुठून मोजतंय?"

मी सॉफ्टवेअर टेस्टर, मूळची नागपूरची, आता अमेरिकेतल्या अल्फारेटात. आमचं अ‍ॅप फोटोवरून शॉटगनचा पॅटर्न मोजतं. पॅटर्न म्हणजे सुटलेले छर्रे कागदावर कसे पसरतात ते. चाळीस यार्डांवर कागद लावायचा, एकच बार काढायचा आणि तीस इंची वर्तुळातली भोकं मोजायची. मार्था शॉटगनच्या नळ्या बनवते. ती आमची पहिलीच क्लायंट, आणि तिने आधीच बजावलं होतं, एक आकडा चुकला की डील कॅन्सल. सहा महिने राबलो होतो हो आम्ही!

आज नेमबाजीच्या मैदानावर तीन टार्गेटं झकास गेली होती. चौथ्याने घात केला. टार्गेटं मी घरीच केलेली: गॅरेजमधला खाकी कागद, दोरी आणि मार्कर.

"कोड बघ, कोड!" बॉस डेल घामाघूम होऊन कुजबुजला.

"आधी कागद बघते," म्हणत मी धावले.

कागदाला नाक लावलं. भोकंच भोकं. पण मधली चक्क रांगेत! पंधरा आडवी, पंधरा उभी. छर्रे कधी रांगेत उभे राहतात का? शिवाय कडा करपलेल्या. अगं बाई! हा तर सासूबाईंचा रांगोळीचा कागद! त्याला उदबत्तीने भोकं पाडतात, जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की झाले ठिपके. सकाळच्या घाईत मी त्यावरच वर्तुळ काढलं होतं.

मला हसू आवरेना. कसंबसं समजावून सांगितलं, "दोनशे पंचवीस वजा करा."

मार्थाचा विश्वास बसेना. करपलेली सोडून उरलेल्या एकेका भोकावर मार्करने खूण करत तिने स्वतः मोजलं. डेल नखं खात होता.

"दोनशे चार," ती म्हणाली. मग बोटांवर बेरीज केली आणि इतकी हसली की टोपी पडली. अ‍ॅपने एक भोक सोडलं नव्हतं, तिचंही नाही, सासूबाईंचंही नाही! डेलने तर मला उचलायचंच बाकी ठेवलं. डील तिथेच पक्की झाली.

घरी आल्या आल्या ओरडले, "आई, तुमच्या कागदाने आम्हाला तारलं!"

त्यांनी चाळणी झालेला कागद उजेडात धरला.

टेस्टरने आधी टार्गेट टेस्ट करावं, हा माझा धडा. सासूबाईंचा वेगळा आहे: टेस्टरने आधी विचारावं. यंदा नव्या कागदाला दोनशे पंचवीस भोकं मी पाडतेय.