दाजींचं दात खाणं

१९४४ साली मी अठरा वर्षांचा होतो, आणि आमच्या दाजींइतका गोड माणूस कृष्णाकाठी दुसरा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. शाळा मी चौथीत सोडली, पण माणूस मला कळतो. कुणाला वाद घालायचा असेल त्यानं घरी यावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. कडेगावचे ऊसवाले. ऊस सोलायला त्यांनी कधी कोयता धरला नाही. कांड तोंडात घ्यायचं, मान एकदा झटकायची, की साल निराळी अन् कांड निराळं. सुपारीला त्यांनी अडकित्ता दाखवला नाही. पोत्याचं तोंड, दाव्याची गाठ, बाटलीचं बूच, सगळं दातानं. मी एकदा म्हटलं, "दाजी, देवानं हात कशाला दिलेत?" तर म्हणाले, "मिशा पिळायला, पाव्हणं!"

आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याचा बैल उसात घुसला तरी "आवं, या की भाईर" असं त्याला अहोजाहो करायचे. पण हाच माणूस झोपला की दात खायचा. पहिल्या दिवाळसणाला दुपारी आमच्या माजघरात आडवे झाले, तर भरदुपारी जात्यावर कोण बसलंय ते बघायला आई परसातून धावत आली. जंत असतील म्हणून तिनं जावयाला वावडिंगाचा काढा पाजला. दाजींनी तो मागून मागून घेतला. कर्रकर्र मात्र तशीच.

तोवर सगळं हसण्यावारी होतं. पुढं एक दिवस अक्का गाठोडं घेऊन उंब्रजला आमच्या दारात उभी. "दिवसा ग्वाड बोलत्यात आन् झोपंत माझ्यावर दात खात्यात. मनातलं झोपंतच भाईर पडतंय. मी न्हाई जायाची!" आईनं समजावलं, मी ओरडलो. पण बहीण माझी, हटणार कशी?

थोड्याच दिवसांत दाजी आले. "पाव्हणं, खरं सांगा. मी दात खातो?"

"लय!"

"मग मला कसं कवा ऐकू आलं न्हाई?"

अक्का चुलीपुढून उठली नाही. दाजींनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि गाल धरून बसले. पुढचे दोन दात हलत होते. मी त्यांना धरून सांगलीला दाताच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं आरसा घालून बघितलं. "दात किडलेले नाहीत, घासून सपाट झालेत. झोपेत दातावर दात घासता, त्याचा जोर हिरडीवर आणि आतल्या हाडावर येतो. तुमची हिरडी आधीच सुजलेली आहे. त्यात हा जोर, मग दात सैल होणारच."

दाजी म्हणाले, "म्हंजी खुटा धड हाय, पर बैलानं वढून वढून भवतीची माती भुसभुशीत झाली."

"अगदी तसंच! हिरड्या साफ ठेवा, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. झोपताना दातांत धरायला रबराची पट्टी करून देतो, आठवड्यानं या. आणि ऊस बंद."

उसाचं ऐकून तोंड उतरलं, पण दाजींनी विचारलं ते भलतंच. "डाक्टर, ह्यात राग आसतोय का?"

"झोपलेल्याला आपण दात खातो हे कळतसुद्धा नाही. राग कसला?"

"मग येवढं लिवून द्या. मंडळींस्नी दावायचंय."

डॉक्टर हसले. "लिहून कशाला? तोंड उघडून दाखवा!"

संध्याकाळी दाजी अंगणात अक्कापुढं आ करून उभे राहिले. "हलीवून बघ." तिनं भीत भीत बोट लावलं. दात हलला, दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय व्हय?"

"आगं, तुझ्यावर खाल्लं आसतं, तर तुझं हाललं आसतं की!"

अक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली की खालीच बसली.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागं अक्काला कडेगावच्या घरात झोप लागेना. म्हणायची, "लय गप गप वाटतंय रं."

त्या सांजेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपले आणि दोघांना कडेगावला पोचवायला गाडीत बसवलं. कोसभर गेलो नाही तोच दाजींना डुलकी लागली आणि दात सुरू झाले. अक्कानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, जबड्याखाली तळवा धरला. मी कासरा आवळला आणि एकेक खड्डा चुकवत गाडी पावलापावलानं हाकली.